हिनकलनजीकचा एक भाषाधडा

म्हैसूरच्या वायव्येस हुणसूर मार्गावर हिनकल आहे. तेथून मानसगंगोत्री हा म्हैसूर विद्यापीठाचा परिसर फारसा दूर नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात, १८५७ च्या मुंबई विद्यापीठाप्रमाणेच, इंग्रजी हे उच्च शिक्षणाचे माध्यम होते आणि साहित्याभ्यासाचा विषयही. भर होता तो पाठ्यग्रंथांवर आणि लेखी परीक्षेवर; संभाषण त्यातून आपोआप साधेल, असे जणू गृहीतच होते.

१९६९ साली म्हैसूरमध्येच भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली. त्याच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात अन्य भाषक शिक्षकांना दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातून मराठी शिकविली जाऊ लागली. श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही तेथे स्वतंत्रपणे कमवावयाची कौशल्ये मानली गेली. इंग्रजीच्या अध्यापनाला हा धडा शेजारीच उपलब्ध होता.

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक चौकटीतील 'बी-२', म्हणजे उच्च-मध्यम पातळी, नेमकी येथेच महत्त्वाची ठरते. आपल्या मताचे साधकबाधक समर्थन करणे, ही या पातळीची एक कसोटी होय. कन्नड किंवा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी चर्चासत्रात गप्प राहिला, तर त्याचे भाषिक संकोचलेपण वैचारिक दारिद्र्य समजले जाते. तौलनिक साहित्याची त्यात दुहेरी हानी होते: विद्यार्थ्याचा आवाज हरवतो आणि त्याच्यासोबत त्याच्या भाषेतील साहित्याची साक्षही. म्हणून साहित्याचा तास वगळणे नव्हे, तर त्यालाच वादसंवादाचे रूप देणे इष्ट होय.