‘कुठे दिसले?’ आणि ‘कुठे लिहिले?’ : नई तालीम आणि चित्रपुस्तकाचे वाचन

वाचनव्यवहाराची सैद्धांतिक चर्चा बहुधा संहितेने न सांगितलेल्या भागापासून सुरू होते. वोल्फगांग इझर यांच्या १९७६ मधील विवेचनानंतर वाचकाने भरावयाच्या रिक्त जागांना समीक्षेत विशेष प्रतिष्ठा लाभली. मात्र एखादी जागा रिक्त आहे हे ओळखण्यासाठी संहितेने काय सांगितले आहे याचा निश्चय आधी व्हावा लागतो. पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे चित्रपुस्तक ठेवून त्यातील एखादा तपशील शोधावयास सांगितले जाते, तेव्हा हा निश्चय प्रथमच घडत असतो. प्राथमिक मानून दुर्लक्षिलेल्या या कृतीचा विचार वर्ध्याच्या शैक्षणिक इतिहासाच्या आधारे करता येतो.

चित्रपुस्तकात ‘सांगणे’ दोन चिन्हव्यवस्थांत विभागलेले असते. कोमेनिअसने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातील वस्तूंना क्रमांक दिले होते व तेच क्रमांक मजकुरातील शब्दांना जोडले होते. शब्द आणि चित्रांश यांची अशी एकास एक जोड असेल, तर तपशील शोधणे म्हणजे क्रमांक जुळविणे एवढेच उरते. पुढे १९६४ मध्ये रोलां बार्थ यांनी दाखवून दिले की, चित्राच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी काहींना शब्द स्थिर करतात. म्हणजेच चित्रात नेहमीच शब्दांहून काही अधिक असते. मुलाची खरी अडचण या अधिकापाशी सुरू होते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने आणि त्यानंतर झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या, मातृभाषेतील, उद्योगकेंद्री शिक्षणाची योजना मांडली. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाने सेवाग्राम येथे तिचा प्रयोग चालविला. या योजनेत पुस्तकाचे स्थान गौण होते. गांधीजींनी १९३९ मध्ये ‘हरिजन’मधून पाठ्यपुस्तकांच्या वर्चस्वाविरुद्ध लिहिले, शिक्षकाचा जिवंत शब्द त्यांना छापील पानाहून मोलाचा वाटत होता. तथापि हा अक्षरविरोध नव्हता. आत्मकथेत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराविषयी लिहिताना त्यांनी सुचविले होते की, फुले-पाखरे न्याहाळावीत तशी मुलाने अक्षरे न्याहाळावीत, आणि चित्रकलेनंतरच लेखनाकडे वळावे. अक्षर हेही आधी निरीक्षणाचा विषय आहे, ही त्यामागील धारणा होती.

जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत सात वर्षांखालील मुलांसाठी पूर्व-बुनियादी ही स्वतंत्र पायरी मान्य झाली. शांता नारुळकर यांनी या वयोगटाचे काम सांभाळले, तर शांतिनिकेतनच्या कलाभवनातून आलेले देवीप्रसाद १९४४ पासून सेवाग्रामच्या मुलांबरोबर चित्रकलेचे काम करीत होते. येथे मूल इतरांची चित्रे वाचण्यापेक्षा स्वतः चित्रे काढीत असे. आणि तपशील पाहावयाचा तो प्रथम परिसरात, कामात, टकळीवरील सुतात. सूत तुटले की नाही, याची साक्ष सूतच देई. निरीक्षणाला पुराव्याची शिस्त लावण्याचे श्रेय या पद्धतीला द्यावेच लागेल.

परंतु पानावरील तपशील सुतासारखा नसतो. तो दुसऱ्या कोणी निवडलेला असतो. वर्धा परिसरातील मुलापुढे तान्ह्या पोळ्याचे चित्र आहे, अशी कल्पना करावी. मजकूर एवढेच सांगतो की, लाकडी बैलाच्या गळ्यात घुंगरू आहे. चित्रात शिंगांना रंगही दिसतो. आणि मुलाच्या स्वतःच्या बैलाला चाके आहेत. ‘बैल कसा आहे?’ या प्रश्नाला मूल चाकांसह उत्तर देईल. ते उत्तर अनुभवाने खरे, पण या पुस्तकापुरते निराधार ठरेल. अशा वेळी ‘चूक’ म्हणून थांबणारा शिक्षक मुलाचा अनुभव नाकारतो, आणि ‘बरोबर’ म्हणून पुढे जाणारा शिक्षक लेखकाचा शब्द पुसून टाकतो. ‘कुठे दिसले?’ आणि ‘कुठे लिहिले?’ हे दोन प्रश्न क्रमाने विचारले, तर मूल पानावर बोट ठेवून तीन गोष्टी वेगळ्या करू लागते: शब्दाने सांगितलेले, चित्राने दाखविलेले आणि स्वतः आणलेले. मोडक-बधेका परंपरेतील इंद्रियशिक्षण आणि सेवाग्रामचे कार्यशिक्षण यांनी पाहणे शिकविले. दुसऱ्याच्या निवडीशी मुलाची गाठ मात्र पुस्तकातच पडते.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य ठेवले. अशा मोजमापात तपशील शोधणे हे प्रश्नातील शब्द मजकुरात हुडकण्यापुरते आक्रसण्याचा धोका आहे. कोमेनिअसचे क्रमांक तेवढे अदृश्य झालेले असतात. नई तालीमने पुस्तकावर दाखविलेला अविश्वास आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही; तिच्या निरीक्षणातील पुराव्याचा आग्रह मात्र पानावर आणता येण्याजोगा आहे. जे सांगितले आहे त्याची सीमा ज्या मुलाला दाखविता येते, त्यालाच पुढे त्या सीमेपलीकडचे न सांगितलेलेही जाणवेल. अर्थनिर्णयनाचा आरंभ पानावर ठेवलेल्या त्या बोटापासून होतो.