#थ्रेड : बांध कोरणारे, नाईलकाठचा अधिकारी आणि परमेश्वराचे भय

१८८८ साली वॉलिस बज यांनी ईजिप्तमधून ब्रिटिश म्युझियमसाठी पपायरसची एक गुंडाळी मिळवली. तिचा संपूर्ण पाठ प्रसिद्ध व्हायला १९२३ उजाडले. पुढच्याच वर्षी जर्मन अभ्यासक एडॉल्फ एर्मान यांनी दाखवून दिले की तिच्यातील बराच मजकूर हिब्रू धर्मशास्त्रातील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाशी, विशेषतः त्याच्या २२व्या व २३व्या अध्यायांशी, विलक्षण जुळतो.

ही गुंडाळी म्हणजे ‘आमेनेमोपेचा उपदेश’. आमेनेमोपे हा शेतजमिनी आणि धान्याची मापे यांवर देखरेख करणारा अधिकारी. इ.स.पू. १२व्या शतकाच्या आसपासच्या या रचनेत तो आपल्या धाकट्या मुलाला ३० प्रकरणांत शहाणपण सांगतो. नीतिसूत्रांच्या २२व्या अध्यायातील एका शब्दाने भाष्यकारांना शतकानुशतके कोड्यात टाकले होते. लिहिल्याप्रमाणे वाचावा तर अर्थ निघे ‘परवा’! एर्मान यांनी तो ‘तीस’ असा वाचला आणि वाक्य सरळ झाले.

हिब्रू लेखनिकाने मात्र नुसती नक्कल केली नाही. उडून जाणाऱ्या संपत्तीची उपमा दोन्हीकडे आहे. पण नाईलकाठी ती हंसासारखी उडते, हिब्रूत गरुडासारखी.

‘होखमा’ म्हणजे शहाणपण. हा हिब्रू शब्द मुळात ज्ञानचर्चेपुरता नव्हताच. निर्गम ग्रंथात सोने, लाकूड, दगड घडवणाऱ्या बसालेलचे हातचे कसबही ‘होखमा’च. आणि ‘यिरा’, म्हणजे भय? आपल्याकडे ‘देवाला भिऊन वागावे’ म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा हा अर्थ. कोणी पाहत नसताना माप कसे धरतो, बांध कुठे घालतो, ही त्याची कसोटी.

खरी गंमत बांधाच्या सूत्रात आहे. बांध सरकवू नकोस, विधवेच्या जमिनीत घुसू नकोस, असे आमेनेमोपे बजावतो आणि अपराध्याला चंद्रदेवाच्या सामर्थ्याचा धाक घालतो. देवभीरू तोही होताच. ईजिप्तचे शहाणपण कोरडे व्यवहारी होते असे समजणे चूक ठरेल. नीतिसूत्रांत मात्र अनाथांच्या शेताला हात लावू नये याचे कारण वेगळे आहे: त्यांचा ‘गोएल’ बलवान आहे. गोएल म्हणजे विकली गेलेली कुळाची जमीन सोडवून आणण्याचे कर्तव्य असलेला जवळचा नातलग. रूथच्या कथेतला बवाज आठवावा. ज्या अनाथाला असा भाऊबंद उरला नाही, त्याच्या भाऊबंदाच्या जागी इथे स्वतः देव उभा राहतो. जमिनीच्या कायद्यातला रोजचा शब्द उचलून लेखनिकाने तो देवाला लावला. संग्रहाच्या प्रस्तावनेतही परमेश्वरावर भरवसा बसावा हा हेतू त्याने सांगितला आहे. आमेनेमोपेच्या प्रस्तावनेत तो नाही.

पण हा गोएल खरोखर धावून येतो का?

हा प्रश्न हिब्रू धर्मशास्त्रातच विचारला गेला आहे. ईयोब हा पहिल्याच वाक्यात देवभीरू म्हणून ओळख करून दिलेला माणूस. त्याची संपत्ती, मुले, आरोग्य सारे जाते. २४व्या अध्यायात तो जगातले अन्याय मोजू लागतो, आणि त्याचा पहिला दाखला असतो बांध सरकवणाऱ्यांचा. ते कळप लुटतात, अनाथाचे गाढव हाकून नेतात, आणि देव लक्ष देत नाही, असे तो उघड म्हणतो. पापाशिवाय शिक्षा होत नाही, हे मित्र त्याला पुनःपुन्हा सुनावतात.

पुढे वावटळीतून देव ईयोबाला खडसावतो खरा. पण अखेरीस त्याचा कोप होतो तो या मित्रांवर.