ताप आला, पण कोणता?

घरात कुणी अंथरुणाला खिळले की आपण म्हणतो, "ताप आलाय." एवढे म्हटले की रोगाचे नावच सांगितल्यासारखे वाटते. पण ताप हा रोग नव्हे. ती आतल्या रोगाची खूण आहे. धूर दिसला म्हणजे काहीतरी जळते आहे एवढेच कळते. चूल पेटली आहे की गवताच्या गंजीला आग लागली आहे, हे जवळ जाऊनच पाहावे लागते. तापाच्या बाबतीत हे जवळ जाऊन पाहणे माणूस कसे शिकला, त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आपल्याकडे सुमारे तेराशे वर्षांपूर्वी 'माधवनिदान' हा ग्रंथ झाला. सबंध ग्रंथ केवळ रोग ओळखण्याविषयी आहे. त्यात ज्वराचे प्रकरण अगदी आरंभी येते. रोज येणारा ताप, तिसऱ्या दिवशी येणारा 'तृतीयक', चौथ्या दिवशी येणारा 'चातुर्थिक' असे भेद तेव्हाच्या वैद्यांनी केले होते. हे सारे ताप त्यांच्या लेखी विषमज्वर. गंमत पाहा, आज मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड, आपला दोषी ताप! वैद्यांची ती दिवसांची मोजणी मात्र खरी होती. हिवतापाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी ठरावीक काळाने, कुठे 48 तर कुठे 72 तासांनी फोडतात, आणि थंडी वाजून ताप चढतो. पाळी वैद्यांना दिसली होती. तिचे कारण कळायला मात्र शतके जावी लागली.

युरोपातही पुष्कळ काळ हाताने कपाळ चाचपण्यावरच काम चाले. 1836 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी गेरहार्ड या डॉक्टराने तापाने दगावलेल्यांची शवे तपासली. काहींच्या लहान आतड्यात व्रण होते, काहींच्या नव्हते. दिसायला सारखे वाटणारे टायफॉइड आणि टायफस हे दोन निराळे रोग आहेत, हे त्याने दाखवून दिले. पुढे 1868 साली लाइपझिगच्या वुंडरलिकने हजारो रोग्यांच्या तापाच्या नोंदी ग्रंथरूपाने मांडल्या. कोणता ताप पायरीपायरीने चढतो, कोणता एकदम चढून घाम येऊन उतरतो, हे कागदावर दिसू लागले. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबटने सहा इंची थर्मामीटर केला. त्याआधीचा फूटभर लांब असे आणि वीस मिनिटे धरून बसावे लागे.

यानंतरचा एक अध्याय आपल्या मुंबईत घडला. 1876 ते 78 च्या दुष्काळात उपाशी माणसांचे लोंढे मुंबईस आले आणि ताप पसरला. ताप काही दिवस राही, उतरे, आणि माणूस बरा झाला म्हणावे तो पुन्हा उलटे. लोक त्याला दुष्काळी ताप म्हणत. हेन्री व्हँडाइक कार्टर हे डॉक्टर तेव्हा मुंबईत होते. साताऱ्यास त्यांनी काही वर्षे सिव्हिल सर्जन म्हणून काढली होती, आणि 'ग्रेज अॅनाटमी' या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्यांच्याच हातची. 1877 साली त्यांनी अशा रोग्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मळसूत्रासारखे पिळदार जंतू त्यात वळवळत होते. बर्लिनला ओबरमायरने पाहिलेला जंतू तो हाच. दुष्काळाने माणूस खंगतो हे खरे. पण हा ताप जंतूंचा होता, आणि तो पसरवीत होत्या उवा.

1880 साली अल्जीरियात लाव्हराँने हिवतापाचा जंतू रक्तात पाहिला. कोयनेल हिवतापावर चाले, दोषी तापावर मात्र त्याचा गुण नाही, याचा उलगडा आता झाला. म्हणून नाव कळले की औषधाची वाट सापडते.

नाव उशिरा कळले की काय होते, तेही मुंबईनेच पाहिले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ताप आणि जांघेतल्या गाठी पाहून, हा प्लेग आहे, असे ठामपणे सांगितले. आरंभी अनेकांना ते पटेना. पुढे साथीने हजारो बळी घेतले.

आज गावातला आरोग्यसेवक बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतो, त्यामागे ही सगळी परंपरा आहे. डेंग्यू, भातखाचरात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो, हिवताप, दोषी ताप, पहिल्या दिवशी सारे सारखेच दिसतात. गोळीने अंग थंड पडते. रोग आत तसाच राहतो. तेव्हा ताप कधी चढला, थंडी वाजली का, घाम आला का, कितवा दिवस, हे कागदावर टिपून ठेवा आणि रक्त द्यायला मागे सरू नका. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात मुलांना एवढे जरी शिकवले, की "ताप आलाय" म्हटल्यावर लगेच "कोणता?" असे विचारायचे, तरी एखाद्या घरातले माणूस वेळीच वाचेल.