गायीने चरावे की वाळलेले गवत खावे? अमेरिकी गोपालकांचे हिवाळी गणित

अमेरिकेत मांसासाठी गायी पाळणाऱ्याचे मुख्य उत्पन्न म्हणजे गायीमागे वर्षाला एक वासरू. वासराचा भाव बाजार ठरवतो, गोपालकाच्या हातात राहतो तो खर्च. त्यात सर्वांत मोठा वाटा चाऱ्याचा, आणि चाऱ्यात सगळ्यात महाग पडते ते हिवाळ्यात घातले जाणारे वाळलेले गवत. हे गवत म्हणजे आपला कडबा नव्हे. कडबा हे कणीस काढून उरलेले ज्वारीचे ताट. तिकडे हिरवे गवत मुद्दाम कापतात, वाळवतात आणि यंत्राने त्याचे मोठे गोल गठ्ठे बांधतात.

एका गायीचा हिशेब

सुमारे 545 किलो वजनाची गाय रोज साधारण 12 किलो कोरडा चारा खाते. गठ्ठ्यात थोडा ओलावा असतो आणि काही गवत पायाखाली जाते, म्हणून रोजचे 16 किलो धरावे लागतात. 120 दिवसांत हे जवळजवळ दोन टन होतात. उदाहरणापुरता टनाला 100 डॉलर भाव धरला, तर एका गायीचा हिवाळा 192 डॉलरला पडतो. 100 गायींच्या कळपाला 60 दिवस कमी गवत घालावे लागले, तर 9,600 डॉलर वाचतात.

नासाडी गव्हाणीवरही अवलंबून असते. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या एका प्रयोगात शंकूच्या आकाराच्या गव्हाणीत 3.5 टक्के गवत वाया गेले, तर पाळण्यासारख्या गव्हाणीत 14.6 टक्के.

चरण्याचा फायदा साधा आहे. गाय गवत स्वतः कापते, स्वतःच वाहून नेते आणि शेणही शेतभर टाकत जाते. गठ्ठ्यासाठी हीच कामे डिझेल, ट्रॅक्टर आणि मजुरी घालून करावी लागतात. तीस-चाळीस गायींसाठी स्वतःची गठ्ठे बांधायची यंत्रे घेणे तर बहुतेक वेळा तोट्याचेच. तेवढे गवत विकत घेतलेले बरे. विकतच्या गवताबरोबर खतही येते, हे मात्र अनेकदा हिशेबात धरले जात नाही. 10 टक्के प्रथिने असलेल्या एक टन कोरड्या गवतात सुमारे 16 किलो नत्र असते. ते खाऊन पडलेले शेण-मूत्र शेतात नीट पसरले, तर त्यातले बरेचसे जमिनीला मिळते. उलट स्वतःचे गवत विकणारा आपल्या जमिनीचा कसही विकत असतो.

राखलेले कुरण

मिसूरी आणि आसपासच्या राज्यांत ‘टॉल फेस्क्यू’ हे गवत सर्वत्र आढळते. ऑगस्टमध्ये काही शेतांतून जनावरे काढतात, नत्रखत देतात आणि गवत राखतात. शरदात वाढलेले हे गवत थंडीतही बराच काळ कस टिकवते. मग विजेच्या तारेचे कुंपण दर एक-दोन दिवसांनी थोडे पुढे सरकवत गायींना पट्ट्यापट्ट्याने चारतात. सगळे शेत एकदम खुले केले, तर निम्मे गवत तुडवले जाण्याची भीती.

नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये, म्हणजे गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात, संशोधकांनी विण्याचा हंगामच बदलून पाहिला. मार्चमध्ये व्यालेल्या गायीला दूध सर्वाधिक लागते तेव्हा कुरण पुरते हिरवे नसते. जूनमध्ये व्यालेल्या गायीला ते तयार मिळते आणि गठ्ठ्यांची गरज पुष्कळ घटते. मात्र शरदात विकायला काढले तेव्हा वासरे लहान असतात. ती घट वाचलेल्या खर्चातून वजा करावी लागते.

चरणे फुकट नसते. हिवाळ्यासाठी राखलेल्या जमिनीवर उन्हाळ्यात तेवढ्या कमी गायी पोसता येतात आणि जमिनीचे भाडे चढे असेल, तर गठ्ठेच स्वस्त पडू शकतात. मऊ बर्फ गाय तोंडाने बाजूला सारून चरते. त्यावर कडक थर धरला की तिचा इलाज चालत नाही. म्हणून हिवाळाभर चारणारेही काही आठवड्यांपुरते गठ्ठे बाळगून असतात. दुष्काळी वर्षात तर गवत विकत घ्यायची पाळी सगळ्यांवर एकदमच येते आणि नेमका तेव्हाच भाव चढलेला असतो.