बंदुकीवाचून शिकारी : कृष्णाकाठच्या तरुणांस एक निवेदन

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली पाहून आम्हांस धन्यता वाटते. परंतु यांतील किती मुलांस पोहता येते, किती जणांनी उघड्या आभाळाखाली एक रात्र काढली आहे, वाटेवरचा ठसा कोल्ह्याचा की कुत्र्याचा हे किती जणांस सांगता येईल, असे कोणी विचारले तर आपणांस मान खाली घालावी लागेल. शिकार, मासेमारी व रानातील मुक्काम या तिन्ही गोष्टी आपल्या वाडवडिलांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. त्यांचा इतिहास पाहून त्यांतील काय घ्यावे व काय टाकावे, याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

हा वारसा फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगया व मत्स्यविनोद यांना स्वतंत्र स्थान आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य व गळ टाकण्याची रीत यांचा विचार त्यात केलेला आढळतो. कऱ्हाडचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा ग्रंथ आपणांस परका वाटत नाही. आठ-नऊशे वर्षांपूर्वी नदी व रान हे अभ्यासाचे विषय मानले जात होते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

पुढे याच रानवाटांच्या ज्ञानाने इतिहास घडविला. 1659 साली प्रतापगडाखाली अफझलखानाच्या फौजेची वाताहत झाली, ती जावळीच्या निबिड अरण्यातील प्रत्येक चोरवाट मावळ्यांस ठाऊक होती म्हणून. 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारातील तरुण डोंगरात, उसाच्या फडात व नदीकाठी दिवस काढीत राहिले. रात्री चालणे, मिळेल ते खाऊन राहणे व चाहूल ओळखणे हे ज्यांस साधले, तेच तगले.

तथापि या वारशाची दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संस्थानी काळात शिकार ही प्रतिष्ठेची खूण झाली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. देशातील चित्ता नाहीसा झाल्याचे 1952 साली जाहीर झाले. मोटार व विजेरी आल्यावर तर शिकारीतील कसबही उरले नाही. प्रकाशाने दिपलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास पुरुषार्थ लागत नाही. अखेर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे दार बंद केले. आज ससा, तितर वा घोरपड मारणे हा गुन्हा आहे, आणि तो तसा असणे योग्यच आहे. आपल्यापैकी काही घरांतून भिंतीवर अजून शिंगे टांगलेली आहेत. ती पाहून मुलांस मारण्याच्या कथा सांगण्याऐवजी त्या वेळी माणदेशात काळविटांचे किती कळप होते, हे सांगावे.

मग शिकाऱ्याचे कोणते गुण घ्यावेत? याचे उत्तर आपल्याच भागातील एका थोर लेखकाने स्वतःच्या जीवनाने दिले आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांस तरुणपणी शिकारीचा नाद होता. पुढे त्यांनी बंदूक ठेवली व दुर्बीण, वही आणि पेन्सिल हाती घेतली. वानरांच्या टोळ्यांवरील त्यांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीस 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शिकाऱ्याचे डोळे, कान व चिकाटी त्यांनी सोडली नाही. सोडली ती फक्त गोळी.

रान राखण्याची किंमतही आपल्याच माणसांनी मोजली आहे. कोयना धरणाच्या शिवसागरात खोऱ्यातील गावे बुडाली. पुढे चांदोलीच्या अभयारण्यासाठीही गावे उठली. ज्यांस प्रत्येक झाडाचे नाव ठाऊक होते, ते सपाटीवरच्या वसाहतींत येऊन राहिले. 2010 साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा वसाहतींतील वृद्धांपाशी जाऊन बसणे, हा आमच्या मते तरुणांचा पहिला धडा होय. कारण ते ज्ञान त्यांच्याबरोबर जाईल. दुसरा धडा सागरेश्वरचा. तेथील उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासाने झाडी उभी राहिली, हरणे नांदू लागली व 1985 साली ते अभयारण्य झाले. गेलेले रान परत आणता येते, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा आहे.

मासेमारीस मात्र अजून वाव आहे. गळ टाकून तासभर निमूट बसण्याने जो संयम अंगी येतो, तो शिकवणी लावून येत नाही. तथापि पहिल्या पावसातील चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते धरू नयेत. सुरुंग वा विष पाण्यात टाकणाऱ्यास तर थारा देऊ नये. जेथे मासेमारीचा हक्क संस्थेकडे आहे, तेथे तिची अनुमती घ्यावी.

पोहणे हे त्याआधी. आम्ही लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत उतरलो. काठावर वडीलधारे उभे असत. आज मुले नदी पुलावरूनच पाहतात. पूर मात्र थांबलेले नाहीत. 2005, 2019 व 2021 साली सांगलीने ते सोसले, व 2019 साली ब्रह्मनाळ येथे होडी उलटून माणसे दगावली. पुराच्या लोंढ्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही चालत नाही. परंतु पाण्याची ओळख असणाऱ्यास त्याचे भय केव्हा धरावे, हे तरी कळते.

म्हणून आमची पालकांस विनंती अशी : येत्या हिवाळ्यात मुलांस, आणि मुलींसही, एक रात्र गावच्या माळावर वा गडाच्या पायथ्याशी मुक्कामास न्यावे. अभयारण्यात परवानगीवाचून पाऊल टाकू नये. चूल स्वतः पेटवावी, भाकरी करपली तरी खावी, निखारे विझवून व कचरा उचलून निघावे. पहाटे ओल्या मातीवरचे ठसे पाहावेत व वहीत काढावेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणांच्या नामावलीशेजारी अशा एखाद्या वहीचे पान छापण्याचा योग आला, तर वाडवडिलांचे ऋण थोडे तरी फिटले असे आम्ही समजू.