घाट चढताना काय तापते?

देवळाली कॅम्पातून मुंबईला निघालेली गाडी इगतपुरीपर्यंत पठारावरूनच धावते. तिथे पठार संपते आणि थळ घाटातून, म्हणजेच कसारा घाटातून, रस्ता सुमारे ३०० मीटर खाली उतरतो. परत येताना तेवढीच उंची चढावी लागते. जुन्या चालकांना या चढणीवर दोन गोष्टींची धास्ती असे : गिअर वेळेवर न पडण्याची आणि रेडिएटरमधले पाणी उकळण्याची. प्रत्यक्ष इंजिन बंद पडण्याची भीती त्या मानाने कमी. असे का असावे? आणि आजच्या टर्बो डिझेल गाड्या हाच घाट सहज कशा चढतात? याचे उत्तर एकट्या इंजिनाच्या इतिहासात सापडत नाही. त्यासाठी गिअरपेटी आणि शीतकरण यांचाही इतिहास पाहावा लागतो.

या घाटात यंत्राची पहिली परीक्षा झाली ती आगगाडीची. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. त्याचा सर्वाधिक चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. याच लोहमार्गामुळे देवळाली ही गोऱ्या सैनिकांची मोठी छावणी बनली. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत कंटाळलेल्या सैनिकांमुळे इंग्रजीत वेडसर या अर्थाने ‘डूलॅली’ हा शब्दही रूढ झाला. वाफेच्या इंजिनात दट्ट्याचा दांडा सरळ चाकाला जोडलेला असतो. त्यात गिअर नसतात. म्हणून घाटात गाडीला जादा इंजिन जोडावे लागे. मोटारीला अशी सोय नाही. तिला आहे त्याच इंजिनातून जास्त जोर काढायचा असतो. गिअर नेमके हेच काम करतात : वेग सोडून जोर मिळवतात. शक्ती मात्र त्यांनी वाढत नाही.

महिंद्रा कंपनीने १९४७ पासून विलीज जीप भारतात जुळवायला सुरुवात केली. त्या जीपचे इंजिन २.२ लिटरचे, पेट्रोलवर चालणारे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. पुढे जाण्याचे गिअर तीनच. शिवाय अवघड वाटेसाठी दोन वेगांची वेगळी पेटी. पहिल्या गिअरला दात जुळवून घेणारी यंत्रणा नसल्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर ‘डबल क्लच’ करावा लागे. चढावर तो चुकला, की गाडी थांबलीच.

आता थोडा हिशेब करू या. माणसे व सामान धरून २,००० किलोग्रॅमची गाडी ३०० मीटर वर नेण्यासाठी २,००० × ९.८ × ३०० = सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा लागते. हे अंतर १५ मिनिटांत चढले, तर सरासरी शक्ती होते ६.५ किलोवॅट, म्हणजे जेमतेम ९ अश्वशक्ती. टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि गिअरमधली गळती धरली तरी आकडा १५ किलोवॅटच्या आसपास राहतो. मग ६० अश्वशक्तीच्या, म्हणजे सुमारे ४५ किलोवॅटच्या इंजिनाला धाप का लागावी?

कारण उष्णतेचे आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी येई. १५ किलोवॅट काम हवे, तर ६० किलोवॅटचे इंधन जाळायचे. त्यातला सुमारे तिसरा भाग, म्हणजे २० किलोवॅट उष्णता, पाण्यात जाते. दोन किलोवॅटचे दहा गीझर एकाच वेळी रेडिएटरमध्ये चालू आहेत, अशी कल्पना करावी. त्यात घाटात गाडीचा वेग कमी, म्हणून समोरून येणारा वाराही कमी.

इथे गिअर आणि शीतकरण यांचे नाते दिसते. जुन्या गाड्यांत पंखा आणि पाण्याचा पंप हे दोन्ही पट्ट्याने इंजिनाला जोडलेले असत. चालकाने वरचा गिअर तसाच ठेवून इंजिन रखडत चालवले, की पंखा आणि पंपही रखडत. खालचा गिअर टाकला, की इंजिन जलद फिरे आणि पाण्याचा प्रवाह व वारा दोन्ही वाढत. म्हणजे वेळेवर बदललेला गिअर हाच पाणी उकळू न देण्याचा पहिला उपाय होता. पुढे दाबाचे झाकण असलेले रेडिएटर आले. वातावरणापेक्षा सुमारे दुप्पट दाबाखाली पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच.

टर्बो डिझेलने या हिशेबात नवी भर घातली. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ च्या चाचणीत सुमारे २६ टक्के कार्यक्षम ठरले. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये टर्बोच्या कल्पनेचे पेटंट घेतले : वाया जाणाऱ्या धुराने चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. पण हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती १२० अंशांच्या आसपास पोहोचते. गरम हवा विरळ असते. मग कोंबण्याचा फायदा थोडा वायाच जातो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवेचा वेगळा रेडिएटर बसवतात. त्याला इंटरकूलर म्हणतात. तीच हवा ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त हवा मावते. इंटरकूलर मुख्यतः इंजिनाला जास्त हवा देण्यासाठी आहे, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे.

देवळालीत सैन्याच्या तोफखान्याचे शिक्षणकेंद्र आहे. तोफा ओढणे हे काम घाट चढण्याइतकेच कठीण. १९८६ च्या करारानुसार आलेल्या बोफोर्स तोफांसाठी स्कॅनिया कंपनीचे टर्बो डिझेल ट्रक घेण्यात आले. त्यांची गिअरपेटी स्वयंचलित होती. अशा पेटीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल फिरते. ओझे मोठे आणि वेग कमी असला, की ते तेल घुसळून तापते. म्हणून गिअरपेटीच्या तेलालाही स्वतंत्र शीतक लागतो. गिअर आणि शीतकरण यांची गाठ इथे पुन्हा पडते.

नाशिकमध्येच तयार झालेल्या स्कॉर्पिओचा इतिहास हीच गोष्ट सांगतो. २००२ मध्ये ती २.६ लिटरच्या, १०९ अश्वशक्तीच्या टर्बो डिझेल इंजिनासह आली. पुढे २.२ लिटरचे, १२० अश्वशक्तीचे इंजिन आले. २०१७ मध्ये वरच्या प्रतीच्या गाडीत त्याची शक्ती १४० अश्वशक्ती आणि पीळ ३२० न्यूटन-मीटर झाला. त्याच वेळी पाचऐवजी सहा गिअरची पेटी देण्यात आली. जुन्या जीपचा पीळ सुमारे १४० न्यूटन-मीटर होता. म्हणजे गिअरच्या दातांवर येणारा जोर सव्वादोन पटींहून अधिक झाला. पेटी मजबूत हवी ती यासाठी. सहावा गिअर हवा तो गिअरांमधली अंतरे कमी करून इंजिन सोयीच्या फेऱ्यांवर ठेवण्यासाठी.

जुन्या जीपमध्ये मोठे डिझेल इंजिन बसवण्याची चाल महाराष्ट्रात बरीच रुजली. इंजिन बदलले आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर आधी क्लच घसरतो, मग गिअरचे दात झिजतात आणि उन्हाळ्यात घाटात पाणी उकळते. साखळीची एक कडी जाड केली, तर ताण पुढच्या कडीवर जातो. यात नुसत्या खर्चाचा प्रश्न नाही. उतरताना तेच ५९ लाख ज्यूल जिरवावे लागतात आणि त्यांतला बराच भाग ब्रेकांवर येऊ शकतो. ५९ लाख ज्यूल उष्णतेने सुमारे १९ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने चालक सांगत. ब्रेक तापून निकामी झाले, तर प्रवाशांच्या जिवाशी गाठ पडते.

शोधाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा इंजिनाच्या शोधकाचे नाव सांगून थांबतो. वर्गात एकदा गिअरची सायकल आणावी. मागचे चाक उचलून पेडलच्या एका फेरीत चाक किती फिरते, ते प्रत्येक गिअरला मोजावे. मग हवा भरण्याच्या पंपाचे टोक बोटाने जवळजवळ बंद करून तो जोरात दाबावा आणि नळीच्या बुडाशी हात लावून पाहावा. घाटातल्या गाडीची दोन्ही रहस्ये विद्यार्थ्यांच्या हाताला लागतील.