शाळेचें वेळापत्रक आणि गांवाचा काळ

शाळेचें वेळापत्रक हा इतिहासाचा विषय आहे, असें म्हटलें तर पुष्कळ वाचकांस हसूं येईल. आडव्याउभ्या रेघांचा तो कागद जूनमध्यें भिंतीवर डकविला जातो आणि परीक्षेपर्यंत फाटून जातो. परंतु एखाद्या समाजावर कोणाच्या घड्याळाचा अंमल चालतो हें पाहावयाचें असल्यास त्याच्याइतका बोलका पुरावा क्वचितच सांपडेल. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांविषयीं विचार करितांना आम्हांस हें विशेष जाणवतें.

‘तास’ हा शब्दच पाहावा. पूर्वीं घटिकापात्र बुडालें कीं धातूच्या ज्या थाळीवर टोला देत, ती तास. पुढें तें नांव साठ मिनिटांस लागलें. शाळेंत तर पस्तीस मिनिटांचाहि तासच होतो. पंतोजींच्या शाळेंत असे तास नव्हते. लहानमोठीं मुलें एकत्र बसत, ज्याचा त्याचा धडा ज्याच्या त्याच्या गतीनें चाले आणि दिवसाचें माप सूर्य देई. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखातें उभें राहिलें, १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ निघालें. वर्ग, विषय व परीक्षा ठरत गेल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ रकानेहि आले.

त्याच सुमारास आगगाडीचें वेळापत्रक या भागांत आलें. १८५५ मध्यें गाडी वासिंदपर्यंत व १८६१ मध्यें कसाऱ्यापर्यंत धांवूं लागली. शहापूरला आसनगांवचें स्थानक जवळ पडलें. मुरबाडला मात्र आगगाडी अद्याप पोंचलेली नाहीं. १९०६ पासून सबंध देशास एक प्रमाणवेळ लागू झाली. गंमत अशी, कीं मुंबईच्या नगरपालिकेनें ती मानली नाहीं. एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली आपली स्थानिक वेळ तिनें १९५५ पर्यंत जपली.

आतां मुख्याध्यापकांची अडचण पाहूं. सहा तुकड्यांस आठवड्याचे ३५ तास धरले तर २१० तास होतात. शिक्षक सात असल्यास प्रत्येकाच्या वांट्यास ३० येतात. गणिताचा शिक्षक एकच, आणि एक मनुष्य एका वेळीं दोन वर्गांत उभा राहूं शकत नाहीं. या कोड्याचें सर्वसाधारण रूप अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गांत मोडतें, हें १९७६ मध्यें सिद्ध झालें. संगणकासहि तें हमखास व झटपट सुटेल अशी रीत अद्याप कोणास सांपडलेली नाहीं.

एवढ्या खटाटोपांत पाड्यावरून पायीं येणारा मुलगा रकान्यांत कोठेंच दिसत नाहीं. आषाढांत ओढा भरला कीं त्याचा पहिला तास बुडतो. डोकें ताजें असतें म्हणून पहिल्या तासास रोज गणित ठेवण्याची रीत येथें चालविली, तर पावसाळाभर त्याचें गणितच बुडतें. पुढें भाताची लावणी येते. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरतात. मूल नापास होतें, आणि दोष त्याच्या बुद्धीस लागतो.

यावर उपाय सुचलाच नव्हता असें नाहीं. मुदलियार आयोगानें १९५३ मध्यें वर्षास किमान २०० दिवस व आठवड्यास ३५ तास सुचविले; पण त्याबरोबरच स्थानिक हवामान व लोकांचे व्यवसाय पाहून वेळा ठरविण्याची पुष्कळ मोकळीक शाळांस असावी, असेंहि म्हटलें. त्याच्याहि आधीं, १९४५ मध्यें, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस काम आरंभिलें होतें. तो भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होता. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत, तर शाळेनें कुरणांत जावें, हा कुरणशाळेचा विचार त्यांच्याच कार्यांतून पुढें आला.

माध्यमिक शाळेस कुरणांत जातां येणार नाहीं, हें खरें. परंतु पावसाळ्याचें वेगळें वेळापत्रक, गणित व इंग्रजी यांस दुसरा-तिसरा तास आणि पहिल्या तासास रोज निराळा विषय, एवढें करण्यास पैसा लागत नाहीं. आपल्या मध्यान्हासाठीं मुंबईस जवळजवळ पन्नास वर्षें हट्ट धरतां आला. त्यांतील थोडासा शहापूर-मुरबाडच्या मुख्याध्यापकांनीं आपल्या मुलांसाठीं धरावा, असें आम्हांस वाटतें.